वक्र जुळला म्हणजे कारण कळले असे नाही: मुंबईच्या डेंग्यू-मलेरियाचे मॉडेल कसे बांधावे

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या एका वॉर्डाचे डेंग्यू आणि मलेरियाच्या रुग्णांचे पाच वर्षांचे आठवडावार आकडे हाती आहेत. एकेका हंगामावर एसआयआर मॉडेल (लोकांची असुरक्षित, संसर्गित आणि बरे झालेले अशी तीन गटांत विभागणी करणारे) बसवले, तर वक्र जवळजवळ तंतोतंत जुळतो. त्यावरून पुढच्या पावसाळ्यात किती रुग्ण होतील हे सांगता येईल का? आणि धूरफवारणीवर भर द्यावा की अळीनाशकावर, हे ठरवता येईल का?

पहिल्या भागाचे उत्तर 'नाही'. दुसऱ्याचे 'हो', पण त्यासाठी मॉडेल वेगळे लागेल. त्यात डास असायला हवेत, डासांचे वय असायला हवे आणि तापमान असायला हवे. एसआयआरमध्ये यातले काहीच नाही, तरी वक्र जुळतो, आणि खरा धोका तिथेच आहे.

वक्र जुळूनही कारण चुकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईचेच आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी १९२७ साली एसआयआरची समीकरणे मांडली. ती पडताळायला त्यांनी आकडे घेतले ते डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने झालेल्या साप्ताहिक मृत्यूंचे. वक्र फार सुरेख बसला आणि तो आलेख आजही पाठ्यपुस्तकांत छापला जातो. आता त्यांच्याच वक्राखालचे क्षेत्रफळ काढा: एकूण मृत्यू सुमारे ८,९०० येतात. शहराची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ७ लाख ७६ हजार होती, तर १९११ मध्ये ९ लाख ७९ हजार. लागण झालेले लोक मृतांच्या दुप्पट धरले तरी प्रमाण दोन-अडीच टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे लागण होण्याजोगी माणसे संपत आली म्हणून साथ ओसरली, हे स्पष्टीकरण मुंबईच्या लोकसंख्येला लागूच पडत नाही. प्लेग उंदीर आणि पिसवांमुळे पसरत होता, दर वर्षी हिवाळ्यात चढत होता आणि उन्हाळ्यात उतरत होता. त्या दोघांनी आपली गृहीतके काटेकोरपणे पाळली जात नाहीत आणि समीकरण फक्त ढोबळ आहे, असे लिहून ठेवले होते. वाचणारे ते वाक्य विसरले, आलेख लक्षात राहिला.

तुमच्या वॉर्डात नेमके हेच होत आहे. डेंग्यू जुलैपासून चढतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिखर गाठतो आणि डिसेंबरपर्यंत खाली येतो. घंटेच्या आकाराचा वक्र दिसला की एसआयआर तो उचलतो आणि उतरणीचे श्रेय रोगप्रतिकारशक्तीला देतो. पुढच्या वर्षीची सुरुवात मग 'बहुतेक लोक आता सुरक्षित' अशी होते आणि भाकीत फार कमी येते. काही जण दर वर्षी सगळे लोक पुन्हा असुरक्षित धरून सुरुवात करतात. त्यांचे मॉडेल दर वर्षी तेच सांगते, मग मॉडेलची गरजच काय?

किमान आवश्यक समीकरण शंभर वर्षांहून जुने आहे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी पाहिला, आणि पुढे गणिताने दाखवले की मलेरिया थांबवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका उंबरठ्याखाली आणली तरी पुरते. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी त्याला आजचे रूप दिले:

आर-शून्य = म × च × च × ब × क × (ज चा न-वा घात) ÷ (ड × र)

आर-शून्य म्हणजे सगळेच असुरक्षित असताना एका रोग्यापासून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा. तो एकच्या वर असेल तर साथ वाढते, खाली असेल तर विझते. 'म' म्हणजे माणशी मादी डास. 'च' म्हणजे एक मादी रोज माणसाला किती वेळा चावते ते. हे दोनदा येते, कारण रोग पुढे जायला दोन चावे लागतात, एक रोगी माणसाला आणि एक निरोगी माणसाला. 'ब' आणि 'क' या चाव्यातून लागण होण्याच्या शक्यता आहेत, एक डासाकडून माणसाला आणि एक माणसाकडून डासाला. 'ज' म्हणजे डास आजचा उद्यापर्यंत जगण्याची शक्यता, आणि 'ड' म्हणजे त्यावरून निघणारा मृत्युदर (ज च्या नैसर्गिक लॉगचे ऋण). 'न' म्हणजे डासातला अधिशयन काळ, म्हणजे रोगी रक्त प्यायल्यापासून डास स्वतः रोग देऊ लागेपर्यंतचे दिवस. 'र' म्हणजे माणसाचा बरे होण्याचा दर.

यात आकडे घालून पाहू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या वॉर्डाचे मोजमाप नव्हे. म = ४, च = ०.५, ब आणि क दोन्ही ०.५, ज = ०.८५, आणि माणूस पाच दिवस संसर्गजन्य, म्हणजे र = ०.२. डेंग्यूचा विषाणू एडिस इजिप्ती या त्याच्या वाहक डासामध्ये २५ अंश सेल्सिअसला सरासरी १५ दिवस घेतो आणि ३० अंशांना साडेसहा. मधल्या २८ अंशांना ते सुमारे ९ दिवस येते. बाकी काहीही न बदलता आर-शून्य २५ अंशांना ०.६७ येते, २८ ला १.७८ आणि ३० ला २.६७. जानेवारीतली मुंबई आणि ऑक्टोबरमधली मुंबई यांतला फरक साधारण एवढाच आहे. तेवढ्याने आकडा एकच्या खालून अडीचच्या वर जातो. डेंग्यू डिसेंबरपर्यंत का मावळतो याचे मोठे उत्तर इथे आहे. उरलेले उत्तर पाऊस थांबून उघड्यावरची पाण्याची भांडी सुकण्यात आणि कोरड्या हवेत डास लवकर मरण्यात आहे. रोगप्रतिकारशक्तीचाही वाटा असतो, पण तो एका हंगामात नाही, काही वर्षांच्या अंतराने आणि विषाणूचा प्रकार बदलला की दिसतो.

आता 'ज' कडे बघा, कारण नियंत्रणाचा सगळा विचार इथे येऊन थांबतो. डासांची संख्या निम्मी केली तर आर-शून्य निम्मे होते. पण रोज जगण्याची शक्यता ०.८५ वरून ०.७५ वर आणली, तर २८ अंशांचे १.७८ एकदम ०.३३ वर येते, म्हणजे साडेपाच पटींनी कमी. कारण नऊ दिवस तग धरणारे डासच रोग देतात. ०.८५ ला शंभरातले २३ डास तिथवर पोचतात, ०.७५ ला साडेसात. म्हणून मच्छरदाणी, घराच्या भिंतींवर टिकणारे कीटकनाशक, पडद्यामागे आणि पलंगाखाली लपलेल्या प्रौढ डासांवर पायरेथ्रमची फवारणी, असे जे उपाय डासाचे आयुष्य तोडतात, त्यांचे मोल केवळ मेलेल्या डासांच्या मोजणीत दिसत नाही. पायरेथ्रमचे प्रमाणही पाळायला हवे: २ टक्क्यांचा अर्क एक भाग आणि रॉकेल १९ भाग, म्हणजे वापरायचे मिश्रण ०.१ टक्का. पातळ मिश्रणाने डास फक्त खाली पडतात आणि थोड्या वेळाने उठतात.

मॉडेल लिहिताना इथेच एक मोठी चूक होते आणि ती तयार संगणक-कोडमध्येही सर्रास सापडते. नऊ दिवसांचा अधिशयन काळ 'रोज एक-नवमांश डास पुढच्या टप्प्यात' असा लिहिला जातो. समीकरण सोपे होते, पण त्याचा अर्थ असा की काही डास रक्त प्यायल्याच्या दुसऱ्याच दिवशी रोग देऊ लागतात. त्यामुळे जगून पोचणारे डास २३ टक्क्यांऐवजी ४१ टक्के येतात आणि आर-शून्य पाऊणपट फुगते. मग वक्र जुळवण्यासाठी संगणक 'म' किंवा 'ब' गुपचूप कमी करतो आणि नियंत्रणाचे सगळे निष्कर्ष बिघडतात. उपाय सोपा आहे: अधिशयन काळ एका टप्प्यात न ठेवता सलग अनेक टप्प्यांत तोडा. चार टप्प्यांनी २९ टक्के येतात, दहा टप्प्यांनी साडेपंचवीस. प्रत्यक्षात सगळ्या डासांत विषाणू एकाच दिवशी पिकत नाही, त्यामुळे चार ते दहा टप्पे बहुतेक कामांना योग्य ठरतात. समीकरणे सोडवताना वेळेची पायरी एका दिवसाहून लहान ठेवा. आठवड्याच्या पायरीत दोन-तृतीयांश डास मरून जातात.

धूरफवारणीबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक, फवारणीनेच डेंग्यू आटोक्यात येतो. दुसरे, फवारणी म्हणजे निव्वळ दिखावा. मॉडेल दोन्ही बाजूंना थोडे थोडे पटवून देते. एका फवारणीत ६० टक्के प्रौढ डास मेले असे धरा. घराबाहेर गल्लीत सोडलेल्या धुराने एवढे मरत नाहीत, कारण एडिस घरात कपड्यांमागे आणि फर्निचरखाली बसतो, आणि लोक धूर आला की खिडक्या लावून घेतात. तरी धरू. पाण्यातून नवे डास रोज येतच राहतात. मृत्युदर ०.१६ असताना तूट साधारण सव्वाचार दिवसांत निम्मी भरून निघते आणि दहाव्या दिवशी डासांची संख्या मूळच्या ८८ टक्क्यांवर येते. आठवड्याभराने पुन्हा डास चावू लागले अशी तक्रार येते ती यामुळेच.

पण डासांची संख्या आणि रोग देणाऱ्या डासांची संख्या वेगळी असते. फवारणीत रोगी डास मेले, आणि ज्यांच्यात विषाणू पिकत होता तेही मेले. नव्याने उडालेला डास आधी कुणा रोग्याला चावला पाहिजे आणि मग नऊ दिवस जगला पाहिजे. त्यामुळे रोग देणारे डास जवळपास नऊ दिवस ४० टक्क्यांच्या आसपास राहतात आणि नंतर हळूहळू वर येतात. म्हणजे घराघरात शिरून, रोगी सापडल्या सापडल्या केलेली फवारणी सुमारे दोन आठवड्यांची उसंत देते. त्या दोन आठवड्यांत परिसरातली पाण्याची भांडी मोकळी केली, तर उपयोग. नाही केली, तर सगळे पूर्वपदावर. मॉडेलमध्ये 'फवारणी' असा एकच गुणक घालून मृत्युदर पूर्ण हंगामभर वाढवणारे विश्लेषण फवारणीला फार मोठे श्रेय देते. फवारणी ठरावीक दिवशी एकदाच होणारी घटना म्हणून लिहा आणि मारण्याचे प्रमाण बाहेरच्या व घरातल्या फवारणीसाठी वेगवेगळे ठेवा.

आकड्यांवरून फवारणीचा परिणाम मोजतानाही जपून. फवारणी बहुधा रुग्ण वाढल्यावर, म्हणजे शिखराच्या जवळ होते आणि शिखरानंतर रुग्ण आपोआपही कमी होतात. 'फवारणीआधीचा आठवडा विरुद्ध नंतरचा आठवडा' ही तुलना त्यामुळे काहीच सिद्ध करत नाही. शिवाय आज थांबलेली लागण आकड्यांत दिसायला माणसात लक्षणे दिसेपर्यंतचे साधारण सहा दिवस, तपासणीपर्यंतचे तीन-चार दिवस आणि नोंदीचा उशीर, असे मिळून दोन आठवडे जातात. अळीनाशकाचा परिणाम आणखी उशिरा दिसतो, चार-पाच आठवड्यांनी, कारण आधी प्रौढ डास घटायला हवेत.

अळ्यांकडे वळू. मुंबईत एडिसला काय लागते ते सगळ्यांना ठाऊक आहे: झोपडीच्या किंवा चाळीच्या छपरावर अंथरलेल्या ताडपत्रीच्या घड्या, टायर, थर्मोकोलचे खोके, मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या पाण्याखाली ठेवलेले भांडे, आणि ठरावीक वेळी पाणी येते म्हणून भरून ठेवलेली पिंपे. पावसाळ्यातल्या उबेत अंड्यापासून प्रौढ डासापर्यंत सात ते दहा दिवस लागतात. आपण आठ धरू. आता फेरीचा हिशेब. एका भांड्यातले पाणी दर 'फ' दिवसांनी पूर्ण ओतले आणि फ आठपेक्षा कमी असेल, तर त्यातून एकही डास निघत नाही. फ दहा असेल तर २० टक्के निघतात आणि पंधरा असेल तर ४७ टक्के. म्हणजे सात दिवसांची फेरी आणि दहा दिवसांची फेरी यांतला फरक तीन दिवसांचा दिसतो, पण तो शून्य आणि वीस टक्के यांतला आहे. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा हा आग्रह याच हिशेबातून येतो.

त्यात बंद घरे मिळवा. पाचातले एक घर प्रत्येक फेरीत बंद सापडत असेल, तर दहा दिवसांच्या फेरीत एकूण ३६ टक्के डासनिर्मिती चालूच राहते. फेरी सात दिवसांवर आणली तरी २० टक्के उरतेच, कारण ती बंद दारांमागे आहे. इथे माणसे वाढवून उपयोग नाही, तीच माणसे संध्याकाळी किंवा रविवारी पाठवावी लागतात. २८ अंशांच्या उदाहरणात आर-शून्य एकखाली आणायला डास ४४ टक्क्यांनी कमी करावे लागतात, ३० अंशांना ६३ टक्क्यांनी. दहा दिवसांची फेरी आणि वीस टक्के बंद घरे यांनी निर्मिती ६४ टक्क्यांनी घटते, म्हणजे ऑक्टोबरच्या उष्म्यात जेमतेम पास. एखादी फेरी चुकली की नापास. असे गणित वॉर्डाच्या बैठकीत 'या वर्षी किती रुग्ण' या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक कामाला येते.

टेमिफॉस हे अळीनाशक घालायचे असेल तर पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅम या मर्यादेत राहायचे. ज्या पिंपातून रोज निम्मे पाणी काढून पुन्हा भरले जाते, तिथे द्रव औषध सात दिवसांत शंभरावा हिस्साही उरत नाही. दाणेदार औषध हळू सुटते, म्हणून जास्त टिकते. मॉडेलमध्ये औषधाचा टिकाव सगळीकडे सारखा धरू नका. गच्चीवरच्या न वापरल्या जाणाऱ्या टाकीसाठी एक दर ठेवा, वापरातल्या पिंपासाठी दुसरा.

आणखी एक गोष्ट मॉडेलमध्ये नसली की निष्कर्ष उलटे येतात, ती म्हणजे अळ्यांची आपसातली स्पर्धा. एका भांड्यात अन्न मर्यादित असते. पाचशे अळ्यांतल्या निम्म्या मेल्या तर उरलेल्यांना अधिक खायला मिळते, त्या जगतात, आणि त्यांतून निघालेले डास मोठे व दीर्घायुषी असतात. म्हणून अर्धवट अळीनाशक प्रौढ डास कमी करीलच असे नाही. भांडेच नाहीसे केले तर मात्र नक्की कमी होतात. याच कारणाने घर निर्देशांक, पात्र निर्देशांक आणि ब्रेटो निर्देशांक हे अळ्या 'आहेत की नाहीत' एवढेच मोजणारे आकडे रुग्णसंख्येशी फारसे मेळ खात नाहीत. एका बाटलीतल्या चार अळ्या आणि एका पिंपातल्या चारशे अळ्या दोन्ही 'एक' म्हणून मोजल्या जातात. शक्य असेल तिथे कोष मोजा. कोषातून डास निघण्याची शक्यता जास्त असते आणि थोडीच भांडी बहुतेक कोष देतात, हे पहिल्याच पाहणीत दिसून येते.

मलेरियासाठी मात्र याच मॉडेलमध्ये नुसते आकडे बदलून चालणार नाही. मुंबईतला वाहक अॅनाफिलिस स्टिफेन्सी स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो: न झाकलेली गच्चीवरची टाकी, विहीर, कारंजे, बांधकामावरची क्युरिंगची (काँक्रीट ओले ठेवून पक्के करण्याची) टाकी, स्लॅबवर साचवलेले पाणी, लिफ्टचा खड्डा. १९११ च्या बेंटले यांच्या मुंबईतल्या मलेरियाच्या अहवालात विहिरींवरच बोट ठेवले होते. आज विहिरींची जागा बऱ्याच अंशी बांधकामांनी घेतली आहे. म्हणून 'म' केवळ पावसावर नव्हे, तर वॉर्डात किती इमारती क्युरिंगच्या टप्प्यात आहेत यावर टांगलेला असतो. लालबाग-परळ-वरळीच्या गिरणगावात जुन्या गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहताना फक्त पावसाची आकडेवारी घालणारे मॉडेल आंधळे असते. चालू बांधकामांची यादी आणि त्यांचा टप्पा हे मलेरियाच्या मॉडेलचे पहिले इनपुट.

हा डास संध्याकाळी आणि रात्री चावतो, म्हणून रुग्ण झोपतो कुठे ते नोंदवायला हवे. बांधकामावर राहणाऱ्या कामगाराचा पत्ता कधी कंत्राटदाराच्या कार्यालयाचा लिहिला जातो आणि नकाशावर ठिपका चुकीच्या जागी पडतो. डासातला अधिशयन काळ अंश-दिवसांच्या जुन्या नियमाने काढता येतो, मलेरियाच्या दोन परोपजीवींसाठी वेगवेगळा. व्हायवॅक्ससाठी १०५ ला, सरासरी तापमान वजा १४.५ ने भागा. फाल्सिपॅरमसाठी १११ ला, तापमान वजा १६ ने भागा. २८ अंशांना अनुक्रमे ७.८ आणि ९.३ दिवस येतात, २४ अंशांना ११ आणि १४.

व्हायवॅक्समध्ये यकृतात सुप्त राहणारा परोपजीवी आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा जागा होतो. मॉडेलमध्ये 'सुप्त' असा वेगळा कप्पा ठेवला नाही, तर डासच नसलेल्या महिन्यातले रुग्ण संगणक नवी लागण समजतो आणि डासांची संख्या फुगवतो. त्या कप्प्यातून बाहेर पडण्याचा दर प्रायमाक्विनच्या (सुप्त परोपजीवी मारणाऱ्या औषधाच्या) १४ दिवसांच्या गोळ्या किती जण पूर्ण करतात यावर ठरतो. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, गोळ्या थांबतात आणि कामगार दुसऱ्या साइटवर निघून जातो. 'गोळ्या पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण' हा गुणक मॉडेलमध्ये हलवून बघा: बऱ्याच परिस्थितींत तो अळीनाशकाइतकाच परिणाम करतो. गोळ्या सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडीची (तांबड्या रक्तपेशींतल्या एका विकराची, तो कमी असेल तर या गोळ्या धोक्याच्या) तपासणी करायची असते, हे वैद्यकीय बंधन गणितातही धरायला हवे, म्हणजे पूर्ततेचा आकडा शंभर टक्के कधीच नसेल.

डेंग्यूत माणसांचा प्रवास डासांच्या उडण्यापेक्षा मोठा आहे. एडिस साधारण शे-दोनशे मीटरच्या टप्प्यात फिरतो आणि दिवसा चावतो. दिवसा मुंबईकर घरी नसतो. फोर्ट भागात राहणारे थोडे आणि दिवसा येणारे लाखो. कुर्ल्याच्या पत्त्यावर नोंदलेला रुग्ण लोअर परळच्या कार्यालयात चावला गेलेला असू शकतो. म्हणून दर वॉर्ड वेगळा सोडवण्याऐवजी वॉर्डांमधल्या दिवसाच्या ये-जा प्रमाणांचा एक तक्ता घाला, भले तो ढोबळ का असेना. तक्ता मिळत नसेल तर निदान रुग्णाचे कामाचे किंवा शाळेचे ठिकाण आणि गेल्या तीन आठवड्यांतला प्रवास हे रकाने नोंदीत वाढवा.

आकड्यांच्या बाबतीत तीन गोष्टींशिवाय पुढे जाऊ नका. नोंदीची तारीख नव्हे, लक्षणे सुरू झाल्याची तारीख घ्या. अलीकडच्या दोन-तीन आठवड्यांचे आकडे नेहमी कमी दिसतात, कारण ते अजून पोचायचे असतात. जुन्या नोंदींवरून उशिराचे वितरण काढून ते भरून घ्या, नाहीतर दर वेळी साथ ओसरतेय असा भास होईल. दुसरे, बाधितांसोबत एकूण तपासण्याही मागा. आणखी खासगी प्रयोगशाळा आकडे कळवू लागल्या की रोग न वाढताही वक्र वर जातो. तिसरे, तपासणीचा प्रकार. एनएस-१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी) लक्षणांच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी आणि आयजीएम (प्रतिपिंडांची चाचणी) त्यानंतर, त्यामुळे दोन्हींची बेरीज करताना तारखा जुळत नाहीत. २०२० आणि २०२१ ही वर्षे गुणक बसवताना बाजूला ठेवा. तपासण्या, बांधकामे, लोकलची गर्दी, सगळेच तेव्हा वेगळे होते.

डेंग्यूच्या बहुतेक, अंदाजे तीन-चतुर्थांश, लागणींत माणसाला जाणवण्याइतके काही होत नाही, तरी तो डासाला विषाणू देऊ शकतो. म्हणून रुग्णसंख्येवरून लागण ठरवणारा 'नोंद-गुणक' आणि सुरुवातीला किती टक्के लोक असुरक्षित आहेत हा आकडा, हे दोन्ही एकाच वेळी रुग्णांच्या वक्रातून काढता येत नाहीत. एक वाढवला की दुसरा कमी होऊन तोच वक्र मिळतो. म, च, ब, क यांचेही तसेच, त्यांचा फक्त गुणाकार कळतो. डासाचे जीवशास्त्र प्रयोगांतल्या आकड्यांवर पक्के करा, रोगप्रतिकारशक्ती रक्तचाचणी-सर्वेक्षणावरून घ्या आणि वक्रातून एक-दोनच गुणक शोधा. आठ गुणक एकदम शोधणारे मॉडेल नेहमी जुळते आणि काहीच शिकवत नाही.

भाकीत करायचेच असेल तर कसोटी अशी: शेवटची दोन वर्षे लपवा, प्रत्येक आठवड्यात त्या दिवशी उपलब्ध असलेल्या आकड्यांवरच चार आठवड्यांपुढचे भाकीत करा, आणि त्याची तुलना 'मागच्या वर्षांतल्या त्याच आठवड्याची मधली किंमत' या साध्या अंदाजाशी करा. मॉडेल या अंदाजाला हरवत नसेल, तर तो अंदाजच वापरा. आणि आकडा एकटा देऊ नका, मर्यादा द्या.

पुढचा पावसाळा मॉडेलमध्ये सुरू होतो तो मे महिन्यात. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी राहतात आणि पहिल्या पावसात एकदम फुटतात, म्हणून सुरुवातीच्या स्थितीत प्रौढ डासांसोबत अंड्यांचा साठाही ठेवा. त्याने एक उपयुक्त फरक दिसतो. मे महिन्यात पिंपे घासून अंड्यांचा साठा निम्मा केला, पण भांडी तिथेच राहिली, तर डासांची वाढ फक्त पुढे ढकलली जाते: एका पिढीत पाचपट वाढ आणि अठरा दिवसांची पिढी धरली तर सुमारे आठ दिवस. तीच भांडी, टायर आणि छपरावरचे भंगार उचलून नेले, तर किती डास पोसले जाऊ शकतात ही कमाल मर्यादाच खाली येते आणि ती ऑक्टोबरपर्यंत खालीच राहते. तुमच्या वॉर्डासाठी मॉडेल सर्वांत आधी याच दोन पर्यायांवर चालवा, मे महिन्यातली मनुष्यबळाची वाटणी त्यावरून ठरवता येईल.